रिकाम्या खाटेचा श्वास

धान कापायला आला की माझा कोणावरच भरवसा राहत नाही. शेतातल्या बांध्यांमधलं पाणी आटतं, लवकर पिकणारा हलका धान पिवळा पडतो, रस्त्याने जाताना ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा गोडसर वास येतो. बाकीच्यांना त्यात दिवाळी दिसते. मला माणसं कुठे झोपली असतील ते दिसतं. या दिवसांत लोक राखणीला खळ्यावर जातात आणि खालीच, पोतं नाहीतर तणीस पसरून, अंग टाकतात. सकाळी एखादी बाई पोट धरून दवाखान्यात येते आणि सोबतचा माणूस सांगतो, रात्रीचं शिळं बाधलं असेल. त्याचं ते 'असेल' मी कधी कागदावर उतरवत नाही. आधी बाईचे डोळे बघते.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात नेमक्या याच दिवसांत नर्सिंगच्या मुली शिकायला येतात. कडक इस्त्रीचे पांढरे कोट, मनगटावर नवीन घड्याळं, खिशात चार रंगांचे पेन. परवा एकीने अख्ख्या वॉर्डाची फेरी पाच मिनिटांत उरकली आणि मला येऊन सांगितलं, "मॅडम, सगळे नॉर्मल आहेत." मी म्हटलं, "सगळे नॉर्मल असते तर घरी धान कापत नसते का?" ती हसली. मी हसले नाही. पोरी मला पाठीमागे पोलीस मॅडम म्हणतात हे मला माहीत आहे. सुरुवात कोणी केली तेही माहीत आहे.

हा स्वभाव पूर्ण माझा नाही. थोडा बाबांकडून आला. माझा बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आमगावकडच्या गावांमधून नर्सिंग स्कूलवाल्यांच्या गाड्या फिरत होत्या. गुळगुळीत कागदावर हसणाऱ्या नर्सांचे फोटो, खाली नोकरीची हमी. आई त्या फोटोंवर भाळली. बाबांनी मात्र पत्रक घेऊन आलेल्या माणसाला ओसरीवर बसवून उलटतपासणीच घेतली. "दवाखाना हाये का तुमचा, का नुसता बोर्ड हाये?" तो म्हणाला, या ना काका, बघून जा. बाकीचे बाप एवढ्यावर गप्प बसत असतील. माझे बाबा दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गोंदियाला गेले.

तिथे आम्हाला सरावाची खोली दाखवली. एका लोखंडी खाटेवर हनुवटीपर्यंत चादर ओढून कोणीतरी झोपलेलं होतं. बाबा दारातच चप्पल काढून थांबले आणि हळू आवाजात विचारते झाले, "ह्या मानसाले का झाला जी?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तो पुतळा आहे, मुली त्याच्यावर हात बसवतात. बाबांनी जवळ जाऊन पुतळ्याचा गाल दाबून पाहिला, मग चादर उचलून पायही पाहिले. परत येताना गाडीत, आमगाव जवळ आल्यावर म्हणाले, "बिमारच खोटा हाये, तं नर्स खरी कशी बनल?" तरी आईच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही. त्यांनी एकच अट घातली. एक जरी तक्रार आली तरी सीधी घरी, मग धानाच्या बांध्या आणि मी.

शाळेत गेल्यावर कळलं की तिथे संशय हाच पहिला धडा आहे. वॉर्डन रोज आमच्या पेट्या तपासायची. जेवणाच्या मावशींना वाटायचं आम्ही पोळ्या लपवून नेतो, आणि आम्ही नेतही होतो. इंजेक्शन भरायच्या आधी बाटलीवरचं नाव तीनदा वाचायचं, पेशंटला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावायचं, डॉक्टर घाईत बोलला तर पुन्हा विचारायचं. पुस्तकात याला सुरक्षितता म्हटलं होतं. मला ते बाबांच्या उलटतपासणीसारखंच वाटायचं आणि मी खूश व्हायचे.

पण याच शाळेत खोटेपणाचीही एक रीत होती, आणि ती पुस्तकात नव्हती. सिनियर मुली ती हळूच हातात द्यायच्या. वॉर्डात दर खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर ताप, नाडी आणि श्वास यांचे रकाने असतात. ताप थर्मामीटर सांगतो, तो खोटा लिहायला भीती वाटते. नाडी मनगटाला लागते. श्वास मात्र मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत मोजावा लागतो, आणि चाळीस खाटांसाठी चाळीस मिनिटं कोणाकडे आहेत? म्हणून सकाळी वॉर्डात शिरल्याबरोबर एक मुलगी सगळ्या तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यात वीस लिहीत जायची. वीस, वीस, वीस. शहाण्या मुली मधेच एखाद्या ठिकाणी अठरा लिहायच्या, म्हणजे मोजल्यासारखं दिसायचं. आमच्याआधीच्या बॅचने हेच केलं होतं, त्यांच्याआधीच्यांनीही. त्या वॉर्डात वर्षानुवर्षं म्हातारे, पोरं, दमेकरी सगळे मिनिटाला वीसदाच श्वास घेत होते.

दुसऱ्या वर्षाला आमची पाळी गोंदियातल्या एका मोठ्या दवाखान्यात लागली तीच या धानाच्या दिवसांत. तिथल्या इन्चार्ज सिस्टर अंगाने जाड, गुडघ्यांनी दुखऱ्या, नाकाच्या टोकावर चष्मा. त्या आम्हाला नावाने ओळखत नसत, गावाने हाक मारायच्या. मी आमगाव. माझी जोडीदार ललिता, ती चिचगड. ललिता सरळ मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. सिस्टरांचा तिच्यावर जीव होता आणि मला तो थोडा खुपायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

धानाच्या दिवसांत वॉर्डात आणखी एक गंमत चालायची. मलेरियातून उठलेले, जखमेचे टाके वाळत आलेले पेशंट सकाळी गुपचूप निघून जायचे. शहराला लागून असलेल्या गावातलं कोणी असलं की दिवसभर धान कापून यायचं आणि संध्याकाळी येऊन खाटेवर पडायचं. असाच एक यादोराव होता, बारा नंबरच्या खाटेवर. त्याचा ताप उतरला होता, पण कापणीला माणसं मिळत नव्हती. तो उशीवर चादरीचा गोळा करून, वरून कांबळं ओढून जायचा. एका सकाळी तक्ते लिहायची पाळी माझी होती. त्याचा ताप उतरलाच आहे म्हणून थर्मामीटरही न लावता मी बारा नंबरवर ताप नॉर्मल, नाडी शहात्तर, श्वास वीस असं लिहून पुढे गेले. कांबळ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"ए आमगाव, इधर आ."

सिस्टर बारा नंबरजवळ उभ्या होत्या. त्यांनी कांबळं ओढलं. खाली चादरीचा गोळा.

"ह्याचा श्वास मोजला तू?"

त्यांनी तक्ता उचलून वाचला.

"वीस हाये म्हनते. चांगला हाये ना मंग. सुट्टी देऊन टाकू चादरीले."

पूर्ण वॉर्ड हसला. पेशंट हसले, त्यांच्याजवळ बसलेल्या बाया हसल्या, डबा घेऊन आलेला एक म्हातारा उगाच सगळ्यात जास्त हसला. मला त्या वेळी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तक्रार शाळेत जाईल, शाळेतून घरी जाईल, बाबा गाडीत बसून येतील आणि माझी पेटी उचलतील, हे सगळं मला तिथे उभ्याउभ्या दिसलं. सिस्टरांनी तक्रार केली नाही. त्यांनी वेगळंच केलं. आठ दिवस मी सुईला हात लावायचा नाही, ड्रेसिंग करायचं नाही. फक्त श्वास मोजायचे. दर खाटेजवळ पूर्ण मिनिट थांबून, वेगळ्या कागदावर लिहून त्यांना दाखवायचे. त्यातले चार-पाच त्या स्वतः जाऊन पुन्हा मोजायच्या. जुळले की पुढच्या खाटेकडे वळायच्या.

तुम्ही कधी अनोळखी माणसाचा श्वास मिनिटभर मोजलात का? फार लांब असतं ते मिनिट. पहिल्या दोन दिवसांत मला राग येत होता, तिसऱ्या दिवसापासून भीती वाटायला लागली. कोणाचाच श्वास वीस नव्हता. कोणाचा सोळा, कोणाचा अठ्ठावीस, एका आजीचा मधेच थांबून पुन्हा सुरू व्हायचा. इतके दिवस आम्ही काय लिहीत होतो? आणि बाजूला मुख्य तक्त्यांवर ललिताचं सुंदर अक्षरातलं वीस रोज उमटत होतंच. मी ते सिस्टरांना सांगितलं नाही. चादरीच्या गोळ्याचा श्वास मोजणारीने दुसरीचं काय सांगायचं.

पाचव्या दिवशी सकाळी सात नंबरवर शेवंताबाई आली. बोदलकसाकडच्या कुठल्याशा गावची, पस्तिशीची, हाताला धानाच्या पात्यांचे ओरखडे. पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणून नवरा जीपने घेऊन आला होता. पोटदुखी म्हणून भरती झाली, गॅसचं इंजेक्शन झालं, सलाइन लागली. तक्त्यावर ललिताने आठ वाजता लिहिलं होतं, श्वास वीस.

मी तिच्याजवळ पोहोचले तेव्हा दहा वाजत आले होते. नवरा म्हणाला, "आता आराम पडला तिले. झोपून राहिली." श्वास मोजायची एक युक्ती असते. पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतेय. सांगितलं की माणूस लगेच छाती फुगवून वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघितल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि डोळे छातीकडे. मी शेवंताबाईचं मनगट धरलं. मिनिट संपलं तेव्हा माझी गिनती अकरावर होती. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. दहा. तेही वरच्यावर, छाती जेमतेम हलत होती. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"मावशी, डोळे उघडा बरं."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या तिथेच. पडदा ओढताना दोरी तुटावी तसं. ती काहीतरी बोलली, ते नाकातून आलं आणि समजलं नाही. मी नवऱ्याला विचारलं, काल कुठे झोपले होते?

"खर्‍यावर. पुंजन्याजवर." म्हणजे खळ्यावर, कापलेल्या धानाच्या गंजीजवळ.

"खाली?"

"खालीच तं. मी बाजेवर होतो, ते खाली होती. काऊन?"

आमच्याकडच्या कोणत्याही पोरीला याच्यापुढे सांगावं लागत नाही. खळ्यावर खाली झोपलेल्याला जनावर, म्हणजे साप, चावतं. एक जात अशी असते की चावल्याचं कळतही नाही, खूण शोधून सापडत नाही, नुसतं पहाटे पोट दुखतं आणि मग पापण्या जड होतात. माझ्या लहानपणी गावातली एक बाई अशीच झोपेत गेली होती. सगळे म्हणाले होते, पोटातलं काही फुटलं असेल.

मी धावत टेबलाशी गेले. सिस्टर औषधांची यादी जुळवत होत्या.

"सिस्टर, सात नंबरचा श्वास दहा आहे. डोळे उघडत नाहीत. मला वाटते साप चावला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खाट पाहिली का नीट? माणूस हाये ना त्याच्यावर?"

"सिस्टर, खरंच."

"चिचगडनं आठ वाजता वीस लिवला हाये. दोन घंट्यात दहा?" त्या म्हणाल्या. "ते पोरगी खोटा लिवत नाही."

ललिता समोरच ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ओरडले असते तरी पाच दिवसांपूर्वीची चादर माझ्या आधी बोलली असती. शेवंताबाई तिकडे मिनिटाला दहा श्वास घेत होती आणि इकडे माझं बोलणं कोणाच्या कामाचं नव्हतं. इतकी असहाय मी नंतर कधी झाले नाही. मी एवढंच म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू भरवसा. तुम्ही मोजा."

सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चल. खोटा निघाला तं आजच तुझ्या मॅडमले फोन लावते."

त्या चालत गेल्या, घाई न करता. खाटेजवळ उभ्या राहिल्या, घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट झालं असेल. पूर्ण मिनिट त्या थांबल्या नाहीत. त्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला मी तेव्हा पहिल्यांदा पळताना पाहिलं. त्यापुढचं सगळं एकात एक मिसळलं आहे. डॉक्टर आले, सापाच्या विषावरची लस आली, घशात नळी गेली. व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत हाताने फुगा दाबून श्वास द्यायचा होता. तो मी दाबला, मग ललिताने, मग पुन्हा मी. ललिता रडत दाबत होती आणि तोंडाने मोजत होती, एक-एक, मोठ्याने, जसं काही ती आधीचे सगळे न मोजलेले श्वास भरून काढत होती. नवरा दारात उभा राहून विचारत होता की काही चावल्याची खूण नाही, तर लस कशाची देऊन राहिले, आणि गावाकडून त्याला फोन येत होते की दवाखान्यावाल्यांचं ऐकू नको, बुवाकडे आण. त्याचाही आमच्यावर भरवसा नव्हता. सिस्टरांनी त्याचा फोन मागून घेतला आणि आपल्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना विचारलं, "तुम्हाला माझं खरं वाटलं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुले खोटी पाडायलेच उठली मी." मग यादीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "चिचगडनं येऊन सांगितला असता का वीस हाये, तं मी उठलीच नसती."

त्यांचं हे बोलणं मला नोकरीभर पुरलं. शिक्षण संपल्यावर आधी एका खासगी दवाखान्यात लागले. तिथे सही करायला दिलेला कागद मी तीनदा वाचला म्हणून मॅनेजर चिडला. मग कंत्राटी नोकरी, मग परीक्षा, मग ही कायम जागा. प्रत्येक ठिकाणी आधी न आवडलेली माणसं मला भेटली आणि ती बरी निघाली, आणि गोड बोलणाऱ्यांनी वीस लिहून ठेवलेलं सापडलं. ललिता आता नागपुरात आहे, मोठ्या अतिदक्षता विभागात. फोनवर आम्ही सगळं बोलतो, तेवढं एक सोडून.

पण संशयाची एक खोड असते. बाहेर फिरून दमला की तो घरी येतो. त्या दिवसानंतर मी स्वतःला विचारत राहिले की सात नंबरजवळ मी नक्की कशासाठी उभी होते. शेवंताबाईसाठी? की माझा आकडा सिस्टरांच्या आकड्याशी जुळावा म्हणून? मनगट धरलं तेव्हा तिचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता. मला माझं नाव धुऊन काढायचं होतं, आणि तिचा श्वास त्याच्या कामी येत होता. असं असेल तर मी तरी कशाची नर्स.

भरती झाल्याच्या सहाव्या दिवशी शेवंताबाईची नळी निघाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तक्ता लिहायला गेले तेव्हा ती उशाला टेकून बसली होती, पापण्या अजून अर्ध्याच. मी सवयीने मनगट धरलं. तिने तो हात सोडवून घेतला आणि उलट माझाच हात धरला. आवाज घोगरा झाला होता.

"तूच होय ना व ते? माहा हात धरून बसली होती ते?"

मी म्हटलं, "तुमचे तर डोळे मिटलेले होते."

"डोरे मिटले होते, पन मले सब समजून राहिला होता. बोलता येत नोहोता. मानूस म्हने झोपली. मी म्हनो, आता गेलो आपन, कोनाले मालूमबी नाही होनार. तं कोनी तरी हात धरला आन सोडतच नाही." ती बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागली, "ह्या पोरीनं हात धरून ठेवला बाई, म्हून मी राहिली."

मला ते सहन होईना. एवढ्या जणांच्या संशयात तग धरला होता, आणि हिच्या भरवशाने डोळ्यांत पाणी आलं. मी तिला खरं सांगितलं. "मावशी, मी हात धरला नव्हता. म्हणजे धरला होता, पण श्वास मोजायला. तसं धरायचं असते, पेशंटला कळू नये म्हणून. मला माझी शिक्षा होती."

तिने त्या अर्ध्या उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी किती मूर्ख आहे ते ती ठरवत असावी.

"मंग का झाला?" ती म्हणाली. "धरला तं होता."